काळ्या स्पेक्ट्रमवर बाबांच्या कॅसेट का अडतात

नेरुळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा कॅसेटवरून प्रोग्राम घेणारा घरगुती कॉम्प्युटर घेतला होता. ते मशीन आता सुरूच होत नाही, पण कॅसेटचा डबा शाबूत आहे. म्हणून विचारणाऱ्या ताईंनी इंग्लंडहून काळ्या रंगाचा स्पेक्ट्रम प्लस टू ए मागवला, टेप डेक अंगातच असलेला. आता काही कॅसेट छान चालतात. काही लोडच होत नाहीत. दोन खेळ पूर्ण लोड होतात आणि सुरू होताच मशीन रीसेट होतं. एक खेळ शीर्षकापाशी थिजतो. आणि वडिलांनी स्वतः लिहिलेल्या पाढ्यांच्या प्रोग्राममध्ये ‘पाढा’ उमटायच्या ठिकाणी ‘प प्ले ढ प्ले’ असं उमटतं, त्यातलं ‘प्ले’ इंग्रजी अक्षरांत. त्या विचारतात, मशीन बिघडलंय, कॅसेट खराब झाल्यात, की विकणाऱ्याने फसवलं?

ताई, फसवलेलं नाही. तुमचं मशीन बहुधा धडधाकट आहे. गोंधळ असा झालाय की तुम्ही चार वेगळी दुखणी एका गाठोड्यात बांधलीत. ‘हे मशीन त्या मशीनशी सुसंगत आहे का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. प्रोग्राम लिहिणारा सांगितलेल्या दारातून आत गेला होता की मागची खिडकी उघडून, यावर ते ठरतं. नव्या घरात दार तिथेच ठेवतात, खिडकी मात्र बुजवतात.

आधी एक दुखणं बाजूला काढू, कारण त्याचा सुसंगततेशी काडीचा संबंध नाही. ज्या कॅसेट लोडच होत नाहीत, ‘टेप लोडिंग एरर’ दाखवतात, त्यांचा दोष टेपचा किंवा डेकचा. टेपवरून वाचण्याची पद्धत १९८२ च्या पहिल्या स्पेक्ट्रमपासून तुमच्या काळ्या मशीनपर्यंत तीच आहे. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्ट्या, मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या सळसळायला हव्यात. लाल-आकाशी पट्ट्या थरथरत असतील तर बेल्ट सैल आहे. पट्ट्या स्थिर आहेत पण डेटा सुरू झाला की एरर येतो, तर हेड तिरकं आहे. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी पाव फेरा इकडेतिकडे फिरवायचा आणि टेपचा आवाज सर्वांत खणखणीत ऐकू येईल तिथे थांबायचं. पण त्याआधी टेपच्या गुंडाळीवर पांढुरकी बुरशी आहे का ते उजेडात बघा. आपल्याकडच्या चाळीस पावसाळ्यांत न्हालेली टेप तशीच डेकमध्ये घातलीत तर ती बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. मी स्वतः एका जुलैत सलग दोन संध्याकाळी ‘हा खेळ या मॉडेलवर चालत नाही’ असं ठामपणे सांगत होतो. तिसऱ्या दिवशी डेक उघडला तर बेल्टचा डांबरासारखा चिकट लगदा झालेला. तेव्हापासून नियम: लोड न होणं हे टेपचं दुखणं, लोड होऊन बिघडणं हे पिढीचं.

आता पिढ्या कोणत्या ते पाहू, म्हणजे पुढचं कळेल. १९८२ चा सिंक्लेअर कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम १६ किंवा ४८ के (किलोबाइट) रॅमचा. १९८४ चा स्पेक्ट्रम प्लस म्हणजे तोच बोर्ड, कीबोर्ड बरा. वडिलांचा डीबी हा याच प्लसचा परवान्याने बनवलेला भारतीय अवतार, १९८६ पासूनचा. मग १२८ के रॅमचा स्पेक्ट्रम १२८ आला, त्यात आवाजाची वेगळी चिप. एप्रिल १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा पन्नास लाख पौंडांना विकत घेतला आणि त्याच वर्षी करड्या रंगाचा प्लस टू काढला. तो आतून जवळजवळ १२८ च. १९८७ मध्ये डिस्क ड्राइव्हवाला प्लस थ्री आला, बोर्ड नव्याने आखून. तुमचा काळा प्लस टू ए म्हणजे या प्लस थ्रीतून ड्राइव्ह काढून टेप डेक बसवलेला. करडा आणि काळा दोघांनाही लोक ‘प्लस टू’च म्हणतात, पण करडा सिंक्लेअरच्या घरातला आणि काळा अ‍ॅमस्ट्रॅडच्या. जाहिरातीतला फोटो बघताना नावापेक्षा रंग बघावा तो याचसाठी.

‘प प्ले ढ प्ले’ वाचून मी मोठ्याने हसलो, आणि मग वडिलांच्या कारागिरीला मनातल्या मनात नमस्कार केला. स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरं आपल्याला हवी तशी काढता येतात, इंग्रजी ए पासून यू पर्यंतच्या जागांवर. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं, म्हणजे आठ बाइट, एकूण १६८ बाइट, ४८ के मशीनमध्ये पत्ता ६५३६८ पासून ६५५३५ पर्यंत. त्यांनी या २१ जागांत पाढ्यांपुरती देवनागरी बसवलेली दिसते. सर्वांत वरच्या ओळीचे आठही ठिपके पेटवले की शिरोरेषा शेजारच्या अक्षराला आपोआप जुळते, इतकं ते सोपं आणि इतकं देखणं. माझा अंदाज, काना त्यांनी शेवटच्या यू या जागेवर ठेवला.

१२८ बेसिकमध्ये, म्हणजे १२८ के मशीनच्या प्रोग्रामिंग भाषेत, दोन नवीन आज्ञा आल्या, ‘स्पेक्ट्रम’ आणि ‘प्ले’. प्रत्येक आज्ञेला एका बाइटचा सांकेतिक आकडा लागतो आणि रिकामे आकडे शिल्लक नव्हते. म्हणून टी आणि यू या दोन अक्षरांचे आकडे, १६३ आणि १६४, काढून या आज्ञांना दिले. २१ अक्षरांची १९ झाली. वडिलांचा प्रोग्राम आजही १६४ छापायला सांगतो आणि मशीन इमानेइतबारे ‘प्ले’ छापतं. टी वर काही अक्षर असेल तर तिथे ‘स्पेक्ट्रम’ असा भलामोठा शब्द येत असणार, बघा.

उपाय एका ओळीचा आहे. मशीन सुरू केल्यावर मेनूत ‘लोडर’ न निवडता ‘४८ बेसिक’ निवडा. जुना पांढरा पडदा आणि १९८२ ची कॉपीराइटची ओळ येईल. मग इंग्रजी ‘जे’ (J) या अक्षराचं बटण दाबल्यावर ‘लोड’ उमटेल आणि सिम्बल शिफ्टसह पी दोनदा दाबल्यावर दोन अवतरण चिन्हं. एंटर, आणि टेप सुरू. काना परत येईल. ‘लोडर’ हा पर्याय १२८ च्या पद्धतीत लोड करतो आणि सोय म्हणून सगळे तोच निवडतात. जुन्या कॅसेटसाठी निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

त्याच डब्यात मासिकातून उतरवलेले छोटे मशीन कोडचे प्रोग्राम असतील तर तेही याच कारणाने ४८ बेसिकमध्येच चालवा. तेव्हा २३२९६ हा पत्ता सगळ्यांचा लाडका होता. ती प्रिंटरसाठी राखलेली २५६ बाइटची जागा, आणि प्रिंटर कुणाकडे होता? म्हणून जो तो आपला कोड तिथे पोक करायचा, म्हणजे थेट मेमरीत लिहायचा. १२८ पद्धतीत त्याच जागेत मशीन स्वतःची नोंदवही ठेवतं, शिवाय एका रॉममधून (मशीनमध्ये कायमच्या कोरलेल्या आज्ञावलीतून) दुसऱ्यात उडी मारायचा कोडही. तिथे पोक केलं की मशीन आपण कोण हेच विसरतं.

आता रीसेट होणारे दोन खेळ. ४८ बेसिकमधूनही ते रीसेट होत असतील, आणि मला वाटतं होतीलच, तर मागच्या खिडकीची गोष्ट सुरू होते. ही माझी आवडती, तेव्हा जरा सविस्तर.

सेकंदाला ५० वेळा यूएलए ही पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप प्रोसेसरला टपली मारते: इंटरप्ट. नेहमी तेव्हा रॉम कीबोर्ड बघतो. खेळ लिहिणाऱ्याला मात्र त्या टपलीला आपलं संगीत वाजवायचं असतं, आपलं घड्याळ चालवायचं असतं. झेड-८० प्रोसेसरला त्यासाठी दुसरी एक पद्धत आहे. ‘आय’ या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, पत्त्याचा वरचा अर्धा भाग ठेवायचा, खालचा अर्धा त्या क्षणी डेटा बसवर (चिपांमध्ये आकडे वाहणाऱ्या तारांवर) जे असेल ते. त्या पत्त्यावर जे दोन बाइट सापडतील ते जोडून खरा पत्ता बनतो आणि प्रोसेसर तिथे उडी मारतो. स्पेक्ट्रममध्ये त्या क्षणी बसवर सहसा कुणीच बोलत नसतं, म्हणून २५५ वाचलं जातं. पण बाहेर एखादं इंटरफेस लावलेलं असलं तर भरवसा नाही. म्हणून सज्जन माणूस २५७ बाइटचा एक तक्ता बनवतो, सगळीकडे एकच आकडा. बसवर काहीही असो, पत्ता तोच निघतो.

पण २५७ बाइट! ४८ के मशीनमध्ये ती चैन वाटायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की १६ के रॉमच्या शेवटी, अक्षरांच्या नक्ष्यांच्या आधी, १४४४६ ते १५६१५ एवढी जागा सिंक्लेअरने वापरलीच नाही. ११७० बाइट, प्रत्येकात २५५. फुकटचा तयार तक्ता! ‘आय’ मध्ये ५७ घाला, बसवर २५५ असेल तर वाचलं जातं १४८४७ आणि १४८४८ वरचं, दोन्हीकडे २५५, म्हणजे उडी ६५५३५ वर. तो मेमरीचा शेवटचा बाइट. तिथे एकच बाइट मावतो, म्हणून तिथे २४ ठेवायचं, ‘इतके बाइट पुढे-मागे सरक’ ही आज्ञा. किती सरकायचं तो आकडा पुढच्या बाइटमध्ये असतो. ६५५३५ च्या पुढचा बाइट म्हणजे फिरून पत्ता शून्य, रॉमचा पहिला बाइट. त्यात असतं २४३, म्हणजे उणे १३. प्रोसेसर १३ मागे येतो आणि ६५५२४ वर उतरतो. तिथे तीन बाइटमध्ये आपल्या संगीताकडे जायची उडी लिहून ठेवायची. एकूण खर्च चार बाइट. पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पाचपाखाडीतल्या घरी रात्री बारा वाजता उठून चहा केला होता.

(गंमत बघा, ६५५२४ पडतो टी या अक्षराच्या जागेत आणि ६५५३५ यू च्या शेवटच्या ओळीत. वडिलांनी हा प्रकार पाढ्यांच्या प्रोग्राममध्ये केला असता तर डीबीवरसुद्धा त्यांचा काना खालून विस्कटला असता.)

प्लस थ्रीसाठी अ‍ॅमस्ट्रॅडला रॉममध्ये जास्तीचा कोड हवा होता आणि ती ‘रिकामी’ जागा त्यांनी वापरली. त्यांच्या दृष्टीने काहीच मोडलं नाही. त्या जागेत कायम २५५ राहील असं कोणत्याही मॅन्युअलने म्हटलं नव्हतं. पण खेळ तिथे २५५, २५५ शोधतो, त्याला दुसरेच दोन आकडे मिळतात, प्रोसेसर कुठल्यातरी ओसाड पत्त्यावर जाऊन पडतो. पडदा रंगीबेरंगी ठोकळ्यांनी भरतो किंवा मशीन रीसेट होतं. पहिल्या इंटरप्टलाच, म्हणून ‘सुरू होताच’.

तुमच्या खेळांचं हेच दुखणं आहे का हे तपासता येतं. खेळाच्या कोडमध्ये ६२, ५७, २३७, ७१ हे चार आकडे ओळीने शोधा. पहिले दोन म्हणजे ५७ हातात घे, पुढचे दोन म्हणजे ते ‘आय’ मध्ये ठेव. जवळपास २३७, ९४ सापडलं तर निदान पक्कं. दुरुस्ती करायची तर ५७ ऐवजी २५४ करा, ६५०२४ पासून २५७ बाइटमध्ये २५३ भरा आणि ६५०२१ वर खेळाच्या मूळ रूटीनकडे जाणारी तीन बाइटची उडी लिहा. ६५०२१, २२, २३ मध्ये उडी, ६५०२४ पासून तक्ता, मध्ये बोट शिरायला जागा नाही. अट एकच, त्या जागेत खेळाचं स्वतःचं काही नको. असेल तर तक्ता दुसरीकडे हलवा, पण १६३८४ ते ३२७६७ या भागात नको. ‘आय’ तिकडे वळवला की जुन्या ४८ के वर पडद्यावर बर्फ पडतं, म्हणजे ठिपके चमकत राहतात.

थिजणाऱ्या खेळाचं कारण वेगळं असावं. ४८ के आणि १२८ वर, कुणाचाच नसलेला पोर्ट (प्रोसेसरचं बाहेरच्या वस्तूंकडचं दार) वाचला तर त्या क्षणी यूएलए पडद्यासाठी मेमरीतून जे वाचत असते तेच ऐकू येतं, भिंतीला कान लावल्यासारखं. काही हुशार लोकांनी याचं घड्याळ केलं. पडद्याच्या एका ओळीला कुठेच न वापरलेला रंग द्यायचा आणि पोर्ट वाचत बसायचं. तो रंग ऐकू आला की टीव्हीवर चित्र काढणारा किरण त्या ओळीपर्यंत पोचला, आता चित्र बदला, झगमग दिसणार नाही. अ‍ॅमस्ट्रॅडच्या नव्या बोर्डवर ती भिंत जाड केली. पोर्ट कायम २५५ सांगतो आणि खेळ कधीच न येणाऱ्या रंगाची वाट बघत उभा राहतो. अर्कनॉइडची मूळ आवृत्ती काळ्या मशीनवर अडकते ती यामुळेच. करड्या प्लस टू वर तोच खेळ चालतो. याला घरगुती उपाय नाही, खेळाचा तो तुकडाच बदलावा लागतो.

बाकीची कारणं भरभर सांगतो. १२८ पासून प्रोसेसर ३.५ ऐवजी ३.५४६९ मेगाहर्ट्झवर धावतो आणि पडद्याच्या एका फेरीला ६९८८८ ऐवजी ७०९०८ ठोके लागतात, म्हणून कडेच्या पट्टीत रंगीत ओळी काढणारे खेळ आणि डेमो तिरके किंवा सरकलेले दिसतात. खेळ चालतो, शोभा जाते. १९८२-८३ चे अगदी सुरुवातीचे खेळ कीबोर्डचा पोर्ट वाचून ‘२५५ म्हणजे काहीच दाबलेलं नाही’ असं मानतात. इश्यू तीनच्या, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या, बोर्डपासून तिथे १९१ येतं, म्हणून कुणीही हात न लावता खेळातला माणूस भिंतीला धडकत राहतो. खेळात वाचलेल्या आकड्यातले फक्त खालचे पाच बिट बघितले असते तर हे झालं नसतं. जॉयस्टिकचं भोक ओळखीचं दिसत असलं तरी आतल्या पिना अ‍ॅमस्ट्रॅडने मुद्दाम फिरवल्यात. साधी जॉयस्टिक अ‍ॅडॅप्टरशिवाय चालणार नाही. आणि डब्यात मायक्रोड्राइव्ह (सिंक्लेअरचा छोट्या टेपचा ड्राइव्ह) किंवा तो जोडायचा इंटरफेस वन असेल तर तो काळ्या मशीनला लावू नका. मागच्या कनेक्टरची मांडणी बदलली आहे.

तुम्हाला वाटेल, सगळ्याच कंपन्यांचं असं असतं का? नाही, आणि यात मी सिंक्लेअरला थोडा दोष देतो. १९८४ पासून क्लास या सरकारी संगणक-शिक्षण योजनेत आपल्याकडच्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले. ते बनवणाऱ्या अ‍ॅकॉर्नने त्यांच्या मॅन्युअलमध्ये पहिल्यापासून बजावलं होतं की पडद्याच्या मेमरीत थेट हात घालू नका, ऑपरेटिंग सिस्टिमला सांगा, ती करेल. ज्यांनी ऐकलं त्यांचे प्रोग्राम पुढे दुसरा प्रोसेसर जोडल्यावरही चालले. एमएसएक्स या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांनीही बायॉसमधूनच, म्हणजे मशीनच्या मूळ आज्ञावलीतूनच, जा असा आग्रह धरला. कमोडोरने वेगळाच मार्ग घेतला, १९८५ च्या कमोडोर १२८ मध्ये जवळजवळ आख्खा जुना कमोडोर ६४ च आत बसवला. सिंक्लेअरचं मशीन इतकं स्वस्त आणि इतकं उघडं होतं की सगळे खिडकीतूनच आत शिरले. पण खरं सांगू, त्या उघडेपणामुळेच तुमच्या वडिलांसारख्या माणसाने एका मशीनला मराठी अक्षरं शिकवली. नियमांनी बांधलेल्या मशीनवर कदाचित त्यांनी प्रयत्नच केला नसता.

आता काय करायचं ते क्रमाने. आधी वडिलांची पाढ्यांची कॅसेट चांगल्या कॅसेट प्लेअरवरून लॅपटॉपमध्ये ध्वनी म्हणून उतरवून ठेवा, प्रयोग नंतर. मग फ्यूज हे इम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, घ्या. त्यात ४८, १२८, प्लस टू ए असं मॉडेल निवडता येतं, इश्यू दोनचा कीबोर्डसुद्धा. तीच फाइल तीन मॉडेलवर चालवून बघा. ४८ वर चालतो आणि प्लस टू ए वर पडतो असं दिसलं की कॅसेट आणि तुमचं मशीन दोघेही सुटले. हे वीस मिनिटांचं काम आहे आणि त्यात कुठलीही जुनी वस्तू झिजत नाही.

मेलेल्या डीबीबद्दल. त्याचा जुना अ‍ॅडॅप्टर लावून ‘एकदा बघू’ करू नका. स्पेक्ट्रम प्लसला ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांच्या उलट. काळ्या मशीनची वीज तर पूर्ण वेगळी, ५ आणि १२ व्होल्टची, गोल प्लगची, त्यामुळे ते दोन आपसात बदलण्याचा प्रश्नच नाही. सिंक्लेअरच्या बोर्डवर सहसा एक छोटा ट्रान्झिस्टर जातो, त्याने बनणारा उणे ५ व्होल्टचा पुरवठा बंद पडतो आणि खालच्या १६ के च्या आठ रॅम चिपांपैकी एक-दोन जळतात. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या दिसत असतील तर बहुधा हेच. चिपा अजून मिळतात. कीबोर्डच्या आतला प्लास्टिकचा पापुद्रा मात्र चाळीस वर्षांत ठिसूळ होतो, झाकण उघडताना त्याची रिबन ओढू नका.

नेरुळहून ठाण्याची लोकल थेट आहे. एखाद्या रविवारी डीबी आणि ते दोन रीसेट होणारे खेळ घेऊन या, माझ्याकडे ऑसिलोस्कोप आहे आणि उणे ५ व्होल्ट आहे की नाही ते दोन मिनिटांत कळेल. पाढ्यांची मूळ कॅसेट घरीच ठेवा, तिची लॅपटॉपवरची प्रत पेनड्राइव्हवर आणा. टी या जागेवर वडिलांनी कोणतं अक्षर ठेवलं होतं ते मला बघायचंय. माझी पैज ‘ळ’ वर आहे.